घरचा राग कामावरच्या माणसावर निघू नये म्हणून काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

हे सुपरवायझर, मॅनेजर, मुकादम, पतसंस्थेचे शाखाधिकारी, हेडमास्तर, म्हणजे ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत अशा सगळ्यांसाठी लिहून राहिलो. मी जिनिंग-प्रेसिंगमधला माणूस, म्हणजे कापसातून सरकी काढून गठाणी बांधायची मिल, त्यामुळे उदाहरणं कापसाचीच येतील, ती तुम्ही आपापल्या दालमिलवर, पेट्रोलपंपावर, कृषी केंद्रात बसवून घ्या.

लिहायचं कारण असं की दर सीझनला कोणी ना कोणी येतो आणि म्हणतो, भाऊ, घरी लय टेन्शन आहे, कामावरच्या पोट्ट्यांवर उगाच ओरडणं होऊन राहिलं, काय करू. आतापर्यंत काय केलं विचारलं की उत्तर ठरलेलं, राग आला की आवरतो ना. इथंच चुकते. राग आल्यावर आवरणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड, आणि लोक सुरुवातच तिथून करतात. खरं काम घरून निघायच्या आधी सुरू होते, अर्धं रस्त्यात होते, गेटच्या आत करायचं थोडंच उरते.

दुसरी चूक म्हणजे "घरचं घरी, कामाचं कामावर" हे वाक्य. मीसुद्धा वर्षानुवर्षं छाती काढून म्हणत होतो. ज्या दिवशी हे वाक्य जास्त वेळा म्हटलं त्याच दिवशी जास्त ओरडलो, कारण आपल्याजवळ काही ओझंच नाही असं धरून चाललो की ते आहे कुठं हे पाहायचंच राहून जाते.

तयारी: आठ दिवस नुसतं लिहा

काही सुधारायचं नाही, राग कमी करायचा नाही, फक्त लिहायचं. लोक हे टाळतात आणि सरळ पुढच्या पायरीवर उडी मारतात, मग पंधरा दिवसांनी म्हणतात काही फरक नाही.

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. मी जुन्या काटापट्ट्यांच्या, म्हणजे वजनाच्या पावत्यांच्या, कोऱ्या बाजूवर लिहायचो. रोज दोन वेळा. सकाळी एक ओळ, घरी काय झालं आणि झोप कशी लागली. संध्याकाळी दोन-तीन ओळी, कोणावर आवाज चढला, किती वाजता, कशावरून, आणि हीच चूक त्यानं एखाद्या चांगल्या दिवशी केली असती तर मी एवढं बोललो असतो का.

झोप लिहायला सांगतो त्याला कारण आहे. २०१५ साली वरिष्ठांच्या झोपेवर एक अभ्यास छापून आला होता, त्यात किती तास झोपले यापेक्षा झोप कशी लागली याचा दुसऱ्या दिवशीच्या वागण्याशी जास्त संबंध निघाला. म्हणजे सात तास पडून होतो पण रात्रभर कूस बदलत होतो, तर वहीत सात तास लिहून उपयोग नाही, "झोप कच्ची" असं लिहा.

आणि ओरडणं तेवढंच मोजू नका. बेनेट टेपर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं २००० साली हाताखालच्या लोकांना विचारायला १५ वाक्यांची यादी केली, साहेब असं वागतो का म्हणून. त्यात चारचौघात पाणउतारा करणं तर आहेच, पण अबोला धरणं आहे, जुन्या चुका उकरून काढणं आहे, मेहनतीचं श्रेय न देणं आहे, आणि दुसऱ्याच कशाचा तरी राग याच्यावर काढणं हेही सरळ लिहिलेलं आहे. आपल्याकडे भरपूर साहेब असे आहेत की जे कधी ओरडत नाहीत आणि म्हणतात मी कोणाला एक शब्द बोलत नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे साहेब, तीन दिवस एक शब्द बोलत नाही तुम्ही. हा अबोलाही वहीत लिहा.

आठ दिवसांनी वही उघडा आणि घरच्या गोष्टींचे तीन ढीग करा. ही वाटणी माझी नाही, ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या दोघांनी १९८५ मध्ये मांडलेली आहे, मी फक्त आपल्याकडची उदाहरणं टाकली.

पहिला ढीग वेळेचा. पोरीला परीक्षेला तालुक्याला सोडायचं आहे आणि इकडे आठला गेट. माय दवाखान्यात आहे, डब्बा पोचवायचा आहे.

दुसरा ढीग ताणाचा. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आहे आणि सोयाबीनचे पैसे तर दिवाळीतच संपले. भावासोबत वावराची वाटणी अडकली. इथं वेळ जात नाही, पण डोकं दिवसभर तिथंच राहते.

तिसरा ढीग वागण्याचा, हा कोणाच्या लक्षातच येत नाही. वाटणीच्या बैठकीत ताठ बसावं लागते, एक शब्द खाली पडू द्यायचा नाही, कोणाचं खरं धरायचं नाही. तिथून उठून माणूस कामावर येतो आणि तशाच ताठ मानेनं मापाऱ्याशी बोलतो. किंवा घरी म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हणून रोज ओरडून बोलायची सवय लागलेली, तोच आवाज इथं.

ढीग वेगळे करायचे कारण उपाय वेगळे. वेळेच्या ढिगाला मन शांत करून काही होत नाही, शेठकडे जाऊन आठच्या जागी साडेआठ मागून घ्या, संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबा, विषय संपला. ताणाच्या ढिगासाठी पायरी १ ते ४. वागण्याच्या ढिगासाठी पायरी २ आणि ५, बाकी काही लागत नाही.

तपासा: चढलेल्या आवाजाच्या वेळा पाहा. सकाळचा पहिला तास आणि घरचा फोन येऊन गेल्यानंतरचा वेळ यात जास्त असतील तर घरचं आहे. दुपारी चारला गाड्यांची रांग लागते तेव्हाच सगळे असतील तर ते घरचं नाही, माणसं कमी आहेत, आणि त्याला हा लेख कामाचा नाही.

पायरी १: घरून निघायच्या आधी

तीन गोष्टी, याच क्रमानं.

आधी खा. हसू नका. घरी भांडण झालं की पहिले ताट बाजूला सारतो आपण, आणि मग उपाशीपोटी बारापर्यंत माणसांवर राज्य करतो.

मग घरच्या प्रश्नाला एक वेळ लावून द्या. प्रश्न सोडवायचा नाही, वेळ ठरवायची. "दीड वाजता साळ्याला फोन करतो." "शुक्रवारी बँकेत जातो." ज्या काळजीला वेळ लावलेली नाही ती दिवसभर कधीही येऊन उभी राहते, वेळ लावली की तिला म्हणता येते, दीडला ये.

तिसरं, भांडण अर्धवट सोडून निघायचं असेल तर परत कधी बसू ते सांगून निघा. दार आपटून निघालेला माणूस गाडीवर बसून अख्खा रस्ता उरलेलं भांडण एकटाच पूर्ण करतो, दोन्हीकडचं बोलतो, आणि जिंकतो पण. मग गेटवर पोचतो तो जिंकून आलेला राहतो, आणि पहिला जो समोर येईल त्याचं काही खरं नसते.

इथं एक गोष्ट बायांबद्दल. बचत गटाच्या, अंगणवाडीच्या, पतसंस्थेच्या ज्या साहेब बाया आहेत त्या दहाला खुर्चीवर बसतात तेव्हा त्यांची एक पाळी झालेली असते, पहाटे पाचपासून पाणी, डब्बे, सासऱ्याची गोळी, पोरांची शाळा. त्यांना "मॅडम थोडं शांत राहत जा" म्हणणं म्हणजे फुकटचा सल्ला. त्यांचा पहिला ढीगच एवढा मोठा आहे की तो घरातल्या दुसऱ्या कोणीतरी उचलल्याशिवाय कमी होत नाही. वही लिहिली असेल तर ती घरी दाखवा, पाणी कोण भरेल, डब्बा कोण भरेल हे नावानं ठरवा. "सगळे मिळून करू" असं ठरलं की ते एकटीच करते.

पायरी २: रस्त्यात दहा मिनिटं थांबा

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त लोक चुकवतात.

जागा एकच ठरवा. माझी नाल्यावरच्या पुलाची आहे, गाडी स्टँडवर लावायची, मोबाईल डिक्कीत टाकायचा, दहा मिनिटं उभं राहायचं. एसटीनं येत असाल तर फाट्यावर उतरून चालत या. घर आणि काम एकाच गावात, एकाच गल्लीत असेल तर मंदिराच्या ओट्यावर बसा, पण कुठंतरी थांबा.

टपरीवर थांबू नका. टपरीवर खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटेपर्यंत कोणी ना कोणी विचारते, काय झालं भाऊ, तोंड काऊन पाडलं, आणि आपण सगळं पहिल्यापासून सांगतो. सांगून मोकळं वाटते असं म्हणतात, पण ते रात्री निवांत एखाद्या जवळच्या माणसाजवळ. सकाळी कामावर जायच्या आधी पाच जणांच्या मधात सांगितलं की भट्टी विझत नाही, फुलते.

पुलावर उभं राहून एकच काम करायचं, आजचा दिवस किती जड आहे ते ठरवायचं. आमच्याकडे कापूस आला की ओलावा पाहतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, घेत नाही, गाडी वापस. मी माझे दिवस तसेच लावले. सुका दिवस, रोजच्यासारखं काम करा. ओला दिवस, काम करा पण काही गोष्टी कापून टाका, त्या पुढे सांगतो. आणि बाराच्या वरचा दिवस, त्या दिवशी माणसांशी संबंध येईल असं काम शक्य तेवढं दुसऱ्याकडे द्या आणि तुम्ही हिशेब, स्टॉक, रजिस्टर घेऊन बसा.

ओलावा मापायला मीटर लागते, इथं मीटर नाही, मग कसं कळणार. तीन प्रश्न. काल झोप कच्ची होती का. आज घरी आवाज चढला का. रस्त्यात मनातल्या मनात कोणाशी भांडत आलो का. एकाला हो म्हणजे ओला. दोन किंवा तीन हो म्हणजे बाराच्या वर.

सावधान: इथं लोक स्वतःला फसवतात. "नाही नाही, मी ठीक आहे" हे उत्तर तीन प्रश्न विचारायच्या आधी आलं तर दिवस ओलाच धरा.

पायरी ३: गेटच्या आत पहिला अर्धा तास

राउंड पहिले मारायचा नाही. सगळे हेच करतात, गाडी लावली की सरळ यार्डात. आणि यार्डात चूक दिसणार नाही असं होतच नाही, कुठं सरकी सांडलेली आहे, कुठं ताडपत्री उडाली, कुठं हमाल बसलेले दिसतात. डोकं गरम असताना पहिली नजर चुकीवर पडली की दिवसाचा सूर तोच लागतो.

त्यापेक्षा आधी ऑफिसात, पाणी प्या, रात्रपाळीचं रजिस्टर पाहा, मग मुकादमाला बोलवा आणि विचारा रात्री काय झालं. तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका, मधात प्रश्न टाकू नका. त्याला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात आपण कामाच्या भाषेत येतो.

दिवस ओला असेल तर त्याच वेळी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला एक वाक्य सांगून ठेवायचं. "आज जरा जड आहे, मी कोणावर जास्त बोलताना दिसलो तर हात दाखवा." एवढंच. आमचा मुकादम डोक्यावरचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकतो, कोणाला काही कळत नाही, मला कळते.

का जड आहे ते सांगायचं नाही. एक तर आपल्या भागात हमालाचा मावसभाऊ तुमच्या सासुरवाडीचा निघतो, संध्याकाळपर्यंत गोष्ट शेठच्या घरी पोचलेली राहते. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, एकदा लोकांना कळलं की साहेबाचा बाप आजारी आहे की मग साहेब काहीही बोलला तरी ते बिचारे ऐकून घेतात, त्यांना तक्रार करायची लाज वाटते. आपण दुःख सांगितलं नाही, सूट मागून घेतली, असं होते ते.

पायरी ४: आजचे निर्णय आणि उद्याचे निर्णय

ओल्या दिवशी जे कापायचं म्हटलं ते हेच. कागदावर दोन भाग करून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

आजच घ्यायचे: आग, मशीन, कोणाला लागलं, वजनाचा वाद, शेतकऱ्याचं पेमेंट. यात थांबायचं नाही.

उद्या सकाळी घ्यायचे: कोणाची हाजरी कापणं, दंड, कामावरून काढणं, पाळी बदलणं, शेठकडे कोणाची तक्रार करणं, आणि सुट्टीला नाही म्हणणं.

सुट्टीचं मुद्दाम टाकलं. आपल्याला दवाखान्यात बसायला वेळ मिळत नाही आणि एखादा पोरगा येऊन म्हणतो, साहेब, बहिणीच्या साखरपुड्याला दोन दिवस पाहिजे. तोंडातून नाहीच निघते. कारण विचारलं तर आपण सीझन दाखवतो, मनातलं कारण वेगळंच राहते, मले कुठं भेटून राहिली सुट्टी. त्याला म्हणा, उद्या दहा वाजता सांगतो. आणि उद्या दहा वाजता खरंच सांगा, नाहीतर तो टोलवाटोलवीच समजेल.

दंडाचं तर कायद्यातही आहे. पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर दंड लावता येत नाही, आणि लावायच्या आधी माणसाला त्याची बाजू मांडू द्यावी लागते. गावाकडे हे कोण पाळते म्हणा, रागात "जा, आजची हाजरी नाही" म्हणून मोकळे. पण रात्र मधात गेली की अर्ध्याच्या वर दंड आपोआप गळून पडतात हा माझा अनुभव आहे, सकाळी तो आकडा पाहून आपल्यालाच कसंतरी होते.

पायरी ५: चूक समोर आली तर बोलायचं कसं

याच्यावर जरा जास्त लिहितो, कारण मला हे फार महागात पडलं.

फेब्रुवारी होता. माझ्या बापाला लकवा मारला होता, सेवाग्रामला भरती, रात्रभर बाकड्यावर बसून सकाळी सरळ कामावर आलेलो, ना पुलावर थांबलो ना पोटात काही. जिनवरच्या एका पोरानं मशीन बंद केली, म्हणाला आत खट्ट आवाज आला, लोखंडाचा तुकडा गेला असेल. मी तिथंच, सगळ्या बाया-माणसांच्या समोर, "तुले काम नाई का बे, येता-जाता मशीन बंद करतं, तुह्या बापाची मिल आहे का." तो गप्प. मशीन उघडली, काही सापडलं नाही, मला अजून चेव आला.

तीन दिवसांनी दुपारी चारच्या सुमारास त्याच पोराला कापसाच्या गंजीच्या कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ दिसली. कापसाची आग वर दिसत नाही, ती आतून पोखरत जाते, वर पांढरं आणि आत निखारा, त्यात एकेक मिनिट मोजायचं राहते. मी त्याच्यापासून पन्नास पावलांवर ऑफिसात होतो. तो माझ्याकडे आला नाही. तो मुकादमाला शोधत काट्यावर गेला, मुकादम तिथं नव्हता, मग गेटवर गेला, मग मुकादम सापडला, मग ते दोघं आले. पंधरा मिनिटं गेली. गंजी फोडली, पाणी मारलं, जवळपास वीस क्विंटल कापूस काळा झाला, माणसाला काही झालं नाही हे नशीब. संध्याकाळी त्याला विचारलं, माझ्याकडे काऊन नाही आला रे. तो खाली पाहून म्हणाला, "साहेब, वाटलं धूर नसला तं तुमी पुन्हा बोलसान."

लोखंडाचा तुकडा ठिणगी पाडतो, ठिणगीनं जिनिंग जळते, म्हणजे त्या दिवशी त्यानं मशीन बंद केली ते बरोबरच होतं, तुकडा सापडला नाही तरी. मी त्याला बरोबर कामासाठी झापलं होतं.

तर क्रम असा.

माणसाला आवाजातून बाहेर आणा. जिन चालू असताना कानाशी जाऊनसुद्धा ओरडावंच लागते, आणि ओरडून बोललं की शब्द साधा असला तरी सूर रागाचाच होते. दाराबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ, कुठंही. आणि एकट्याला.

मग विचारा, काय झालं. आणि थांबा. पाच-सहा सेकंद कोणी बोलत नाही, ते सहन करा. बहुतेक माणसं दुसऱ्या वाक्यात खरं सांगतात, पहिलं वाक्य बचावाचं राहते.

मग नुकसान सांगा, जेवढं झालं तेवढं. "एक गठाण पुन्हा बांधावी लागेल." मग आता काय करायचं ते सांगा. आणि गप्प बसा. हे गप्प बसणं लोकांना जमत नाही, त्यांना शेवटी एक टोमणा पाहिजेच.

"तुझं नेहमीचंच आहे", "मागच्या सीझनला पण", "तुमच्या गावची पोरं", बापाचं नाव, जातीचं काही, यातलं एकही तोंडात आलं तर समजा की हे कापसाबद्दल चाललेलं नाही, घरच्याबद्दल चाललं आहे. तिथंच थांबा, "उद्या बोलू" म्हणा, निघून जा. अर्धवट सोडलं तर इज्जत जाते असं वाटते, जात नाही.

तपासा: एखाद्या चुकीची बातमी तुमच्यापर्यंत कोणाकडून पोचते? ज्यानं केली त्याच्याकडून, की दोन माणसं फिरून? आठवडाभर फक्त हे पाहा.

पायरी ६: ड्युटीत घरून फोन आला तर

घरी दोन वेळा सांगून ठेवा, दीड आणि पाच. अर्जंट असेल तर लागोपाठ दोनदा रिंग द्यायची, मग मी कुठंही असलो तरी उचलतो. एवढ्यानंच फोनचे निम्मे वांधे संपतात.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटं कोणाशी बोलायचं नाही. गठाणी मोजा, लॉट नंबर पाहा, काहीतरी आकड्याचं करा. फोन कानाला लावलेलाच आहे असं नाटक केलं तरी चालते, मी करतो.

पायरी ७: तरीही घसरलात तर

घसरणारच. मी आजही घसरतो.

त्याच दिवशी, पाळी सुटायच्या आधी, आणि ज्यांच्या समोर बोललो त्यांच्याच समोर. लोक काय करतात, सगळ्यांच्या समोर झापतात आणि माफी मागायला त्याला ऑफिसात एकटं बोलवतात. म्हणजे अपमान जाहीर आणि माफी खासगी. उलटं पाहिजे.

शब्द थोडे. "सकाळी मी तुला बोललो ते चुकीचं बोललो. मशीन बंद केली ते बरोबर केलं." संपलं. पहिलं वाक्य "घरी जरा टेन्शन होतं म्हणून" असं करू नका, ते आपल्याबद्दल होऊन जाते. "मनात ठेवलं नाही ना?" असंही विचारू नका, हाताखालचा माणूस यावर नाही साहेब म्हणण्याशिवाय काय म्हणणार आहे.

चहा-समोसा पाजणं, शंभराची नोट खिशात कोंबणं, दुसऱ्या दिवशी लवकर सोडणं, हे सगळं माफीच्या जागी चालत नाही. उलट लोकांना हिशेब कळतो की साहेब ओरडला की समोसा.

जिनवरच्या त्या पोराची माफी मी आग लागल्यावर मागितली, तीन दिवस उशिरा. तो हो साहेब म्हणाला. पण स्वतःहून माझ्याकडे काही सांगायला यायला त्याला पुढचा सीझन लागला.

पायरी ८: परत जाताना

तोच पूल, तीच दहा मिनिटं. कामावरचं घरी नेणं हा वेगळा विषय आहे, पण सकाळी घरातून जे ओझं आणलं त्यावर दिवसाचं चढवून परत घरी उतरवलं की दुसऱ्या दिवशीची सकाळ काय होईल ते सांगायला नको. आणि सकाळी घरी जी वेळ सांगून निघालो होतो, सातला बसू म्हणून, त्या वेळेला बसा.

पायरी ९: एवढ्यानं भागत नाही तेव्हा

वहीत लागोपाठ तीन आठवडे बहुतेक दिवस बाराच्या वरचे निघाले, रात्री दोन-तीनला जाग येऊन परत डोळा लागत नाही, दारूचं प्रमाण वाढलं, किंवा जगण्यात काही अर्थ नाही असे विचार यायला लागले, तर पूल आणि वही पुरणार नाही. सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा डॉक्टर राहतो. "लोक काय म्हणतील" वाटत असेल तर बीपी तपासायला चाललो म्हणून जा. आपल्या भागात वावरातल्या माणसाबद्दल हे सगळे बोलतात, पगारदार साहेबाबद्दल कोणी विचारत नाही, पण त्याच्याही नावावर चार एकर आणि एक कर्ज राहतेच.

शेठलोक वाचत असतील तर त्यांना एकच. तुमचा मॅनेजर एकदम चिडचिड करायला लागला तर मजुरांसमोर त्याला झापू नका, तो ते जसंच्या तसं खाली पोचवतो. त्याला आत बोलवून विचारा वेळेत काय बदल पाहिजे. बाकी खोदून विचारू नका.

शेवटची तपासणी: सीझन संपला की अख्खी वही एकदा वाचा आणि मुकादमानं दुपट्टा काढला ते दिवस वेगळे लिहा. माझ्या वहीत मागच्या सीझनला असे सहा दिवस निघाले, त्यातले चार मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कर्ज भरायच्या घाईतले. म्हणून यंदा त्या आठवड्यात हाजरीचं रजिस्टर आणि सकाळचा राउंड मुकादमाकडे राहील, मी काट्यावर आणि हिशेबात. शेठला आताच सांगून ठेवलं, कारण मार्चमध्ये सांगायला गेलो असतो तर त्यांच्याशीच भांडलो असतो.